यकृतात उतरलेली वंशावळ

सयामी किंवा ओरिएंटल जातीचं मांजर असतं तीन-चार वर्षांचं, ऐन भरातलं. काल रात्रीपर्यंत कपाटावरून उड्या मारत असतं. सकाळी ते पलंगाखालून बाहेर येत नाही. ओढून काढावं तर अंग गार, हिरड्या पांढऱ्याफटक, पोट तट्ट. डॉक्टर पोटात सुई घालतात आणि सिरिंजमध्ये सरळ रक्त येतं. मग प्रश्न सुरू होतात. गॅलरीतून पडलं का, गाडीचा धक्का लागला का, उंदराचं औषध खाल्लं का? घरचे सांगतात, मांजर उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही. काही मांजरं रक्त चढवून तेवढ्यापुरती सावरतात. काही टेबलावरच जातात.

मालक शवविच्छेदनाला तयार झाले, तर कारण उघड्या डोळ्यांना दिसतं. यकृत नेहमीपेक्षा मोठं, फिकट, पिवळसर तपकिरी. वरचं आवरण फाटलेलं आणि फटीत रक्ताच्या गाठी. निरोगी यकृत बोटाने दाबलं तर लवतं, हे तुटतं. त्याची पातळ चकती काचेवर घेऊन ‘काँगो रेड’ या रंगाने रंगवतात. हा मुळात सुती कापडासाठी एकोणिसाव्या शतकात जर्मनीत तयार झालेला रंग. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली यकृतपेशींच्या रांगांमध्ये विटकरी गुलाबी, एकजिनसी लगदा भरलेला दिसतो. मग प्रकाशाच्या वाटेत ध्रुवीकरणाच्या काचा सरकवायच्या. विटकरी रंग पालटतो आणि तोच लगदा हिरव्या सफरचंदाच्या रंगात चमकायला लागतो. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्याने हे एकदा पाहिलं की जन्मभर विसरत नाही. निदान होतं, अॅमिलॉइडोसिस.

हा आजार सयामी आणि ओरिएंटल मांजरांच्या घराण्यांत चालतो, हे पशुवैद्यकांना तीसेक वर्षांपासून ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियातून १९९३ मध्ये आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांकडून १९९७ मध्ये त्याची सविस्तर वर्णनं आली. तरीही मांजराच्या गालातून कापसाचा बोळा फिरवून ‘याला पुढे हा आजार होणार’ असं सांगणारी चाचणी आजही उपलब्ध नाही. याच काळात मांजरांच्या कितीतरी आनुवंशिक आजारांची जनुकं सापडली. हा मात्र हाती लागत नाही. का लागत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात प्रयोगशाळेइतकाच मांजरांच्या प्रदर्शनांचाही हात आहे.

*

बँकॉकमधल्या ब्रिटिश वकिलातीत एडवर्ड ब्लेंको गूल्ड नावाचा अधिकारी होता. १८८४ मध्ये त्याने मांजरांची एक जोडी इंग्लंडला आपल्या बहिणीसाठी आणली. बोक्याचं नाव फो, मांजरीचं मिआ. त्यांची पिल्लं पुढच्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात मांडली गेली आणि थोड्याच दिवसांत मेली. याआधीही सयाममधून तुरळक मांजरं युरोप-अमेरिकेत पोचली होती, पण सयामी मांजरांचं वेड इंग्रजांना लागलं ते या सुमाराला. १९०१ मध्ये तिथे सयामी मांजरांचा स्वतंत्र क्लब निघाला आणि जातीची लक्षणं कागदावर आली. अंग कसं हवं, कान कुठे हवेत, डोळे किती निळे हवेत, सगळं ठरलं.

सुरुवातीच्या त्या मांजरांत दोन खोडी सर्रास दिसत. डोळे तिरळे असत आणि शेपटीच्या टोकाला गाठ किंवा मोड असे. तिरळेपणा ज्या जनुकामुळे येतो, त्याच जनुकामुळे सयामी मांजराला त्याचा प्रसिद्ध रंगही मिळतो. टायरोसिनेज नावाचं विकर या मांजरांत अर्धवट काम करतं आणि तेही फक्त शरीराच्या थंड भागांत. म्हणून पिल्लू जन्मतं पांढरं, आणि मग कान, नाक, पंजे, शेपूट काळपट होत जातात. तेच विकर डोळ्यांमागच्या मज्जातंतूंच्या मांडणीतही लुडबुड करतं. परीक्षकांनी तिरळेपणाला आणि मोडक्या शेपटीला गुण कापायला सुरुवात केली, ब्रीडर मंडळींनी तशी मांजरं जोडीला लावणं थांबवलं, आणि काही पिढ्यांत दोन्ही खोडी बऱ्याच कमी झाल्या.

परीक्षकाच्या टेबलावर दिसेल ते शंभर वर्षांत निवडून काढता आलं. यकृत टेबलावर दिसत नाही. इतकंच नाही, यकृताचा हा आजार डोकं वर काढतो तो मांजर वयात आल्यानंतर. मांजरी वर्षाची झाली की व्यायला लागते. नावाजलेला बोका तीन वर्षांचा होईपर्यंत कितीतरी वेतांचा बाप झालेला असतो. चौथ्या वर्षी त्याचं यकृत फुटलं, तर तोवर त्याची पिल्लं तीन-चार देशांत पोचलेली असतात आणि त्यांतलीही काही पैदाशीला लागलेली असतात. निसर्गाची चाळणी पुनरुत्पादनाच्या वयानंतर ढिली पडते. माणसाने तिथे स्वतःची चाळणी लावायला हवी होती. ती लावलीच गेली नाही.

ओरिएंटल जात १९५० नंतर इंग्लंडमध्ये घडवली गेली. शरीर सयामी मांजराचंच, तसंच लांब, सडसडीत, डोकं पाचरीच्या आकाराचं, रंग मात्र हवे तितके. त्यासाठी सयामी मांजरांचा इतर मांजरांशी संकर झाला, पण बांधा सयामीच राखायचा म्हणून पुन्हा पुन्हा सयामी रक्ताकडेच वळावं लागलं. त्यामुळे आजाराच्या बाबतीत या दोन जाती एकाच कुटुंबातल्या धरतात.

*

यकृतात जे साठतं ते बाहेरचं काही नसतं, मांजराचं स्वतःचं प्रथिन असतं. सीरम अॅमिलॉइड ए, संशोधकांच्या तोंडी ‘साआ’. शरीरात कुठे जखम झाली, जंतुसंसर्ग झाला, हिरड्या सुजल्या, की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. माणसातसुद्धा गंभीर आजारपणात त्याची पातळी नेहमीच्या हजारपट चढू शकते. काम झालं की ते मोडून टाकलं जातं. काही शरीरांत मात्र सूज महिनोन्‌महिने टिकते, ‘साआ’ वाहतच राहतं, आणि त्याचे तुकडे आपला मूळ आकार सोडून सपाट होतात. असे तुकडे एकावर एक चिकटत जातात आणि त्यांचे तंतू तयार होतात, तेच अॅमिलॉइड. हे तंतू शरीराच्या विकरांना दाद देत नाहीत. यकृतपेशी आणि रक्तवाहिन्या यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ते साठत जातात, पेशी दबून मरतात, अवयव कडक आणि ठिसूळ होतो. मग एखादी साधी उडीसुद्धा पुरते.

आपल्याकडच्या डॉक्टरांना हा प्रकार परका नाही. माणसातल्या याच तऱ्हेच्या अॅमिलॉइडोसिसचं भारतातलं मोठं कारण वर्षानुवर्षं क्षयरोग राहिलं आहे. जुना क्षय किंवा जुना संधिवात असलेल्या रुग्णाच्या लघवीतून प्रथिन जायला लागलं की अनुभवी फिजिशियनच्या डोक्यात ही शंका येते. सयामी मांजराला क्षय नसतो. त्याला पुष्कळदा नाव घेण्याजोगी जुनाट सूजही नसते. तरी तंतू साठतात. म्हणून तर संशोधकांना वाटलं, की मूळ जनुकांत आहे.

या संशयाला बळ मिळालं ते दुसऱ्याच एका जातीमुळे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात स्टीफन डिबार्टोला आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात अॅबिसिनियन मांजरांचा अभ्यास करत होते. ही तांबूस, अंगावर ठळक पट्टे नसलेली, एकेका केसावर दोन-तीन रंगांच्या पट्ट्या असलेली जात. तिच्यात तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं. एकमेकांच्या नात्यातली मांजरं एकामागून एक दगावत होती. तिथेही सापडलं अॅमिलॉइडच, तेच ‘साआ’चं, फक्त मूत्रपिंडाच्या आतल्या भागात. डिबार्टोलांनी वंशावळी मांडून पाहिल्या. आजार एका बाजूच्या जनुकामुळेही येत असावा, पण जनुक असलेल्या प्रत्येक मांजरात तो उघड होत नसावा, असा अंदाज निघाला. आनुवंशशास्त्रात हे वाक्य वाचलं की सावध व्हायचं असतं. ‘असलं तरी दिसेलच असं नाही’ असा आजार शोधायला सगळ्यांत कठीण.

या जातीच्या नावामागची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिची एक सुरुवात मुंबईत होते. १८६७-६८ मध्ये अॅबिसिनियाच्या सम्राट टेवोड्रोसविरुद्ध इंग्रजांनी जी मोहीम काढली, तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचा प्रमुख होता. फौज, खेचरं, अगदी हत्तीसुद्धा इथून जहाजांत चढवून तांबड्या समुद्रातल्या झुला बंदराजवळ उतरवले. परतताना एका अधिकाऱ्याबरोबर एक मांजर इंग्लंडला गेली. तिचं नाव बंदरावरून झुला, आणि १८७४ साली छापलेल्या एका मांजरांवरच्या पुस्तकात तिचं चित्रही आहे. आजच्या अॅबिसिनियन मांजरांची ती आदिमाता, असं पुढे सांगितलं जाऊ लागलं, पण त्याला पुरावा नाही. उलट नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात १८३० च्या दशकात विकत घेतलेलं, पेंढा भरलेलं असंच एक मांजर आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर मायदेश म्हणून भारत लिहिला आहे. डीएनएच्या तुलनाही हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे आणि आग्नेय आशियाकडे बोट दाखवतात. कलकत्त्यासारख्या बंदरांतून जहाजांवर चढलेल्या मांजरांची ही पिढी असावी, असं मानायला जागा आहे. नाव आफ्रिकेचं, रक्त बहुधा आपल्याच बाजूचं.

तर एकच प्रथिन, एकाच प्रकारचे तंतू, अॅबिसिनियन मांजरात मूत्रपिंडात जातात आणि सयामी मांजरात यकृतात. असं का? १९९९ मध्ये डच संशोधकांनी दोन्ही जातींच्या तंतूंची अमिनो आम्लं क्रमाने वाचून काढली. क्रम एकसारखा नव्हता, फरक थोडका पण होता. त्या वेळी हा मोठाच दुवा वाटला. प्रथिनाची बांधणी जरा वेगळी, म्हणून ते वेगळ्या अवयवात रुजतं. ‘साआ’चं जनुक तपासलं की उत्तर मिळेल, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं.

*

मांजराचा पहिला जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मांजरीचं रक्त त्यासाठी घेतलं ती सिनॅमन, मिसुरी विद्यापीठातली, आणि जातीने अॅबिसिनियन. तिच्या घराण्यात अंधत्व आणणारा एक आनुवंशिक नेत्रविकार होता, त्याचं जनुक त्याच वर्षी सापडलं. एक जनुक, त्यात एक बिघाड, दोन्हीकडून आला तर मांजर आंधळं. असे आजार सापडायला सोपे. आजारी मांजरं एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला, आणि फरक कुठे आहे ते शोधायचं.

मांजरांच्या जनुकशास्त्रात लेस्ली लायन्स हे नाव टाळता येत नाही. आधी कॅलिफोर्नियात डेव्हिसला आणि पुढे मिसुरीत त्यांनी ‘नाइंटी-नाइन लाइव्ह्ज’ नावाचा प्रकल्प उभारला. वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळे आजार असलेल्या मांजरांचे पूर्ण जनुकसंच वाचायचे आणि सगळ्यांसाठी एकत्र ठेवायचे. मिलान विद्यापीठातल्या फ्रान्चेस्का जेनोवा आणि मारिया लाँजेरी यांच्या गटाने या साठ्याचा आधार घेऊन २०२१ मध्ये अॅबिसिनियन मांजरांच्या अॅमिलॉइडवर निबंध प्रसिद्ध केला. दोन आजारी मांजरांचे पूर्ण जनुकसंच इतर जातींच्या १९५ मांजरांशी ताडून पाहिले. शिवाय मेलेल्या मांजरांची मूत्रपिंडं घेऊन त्यांतली प्रथिनं आणि लघु-आरएनए मोजले. तीन मांजरं आजारी, तीन नव्हती.

निष्कर्ष वाचताना निराशा आणि सुटका दोन्ही वाटतात. हा आजार एका जनुकाचा नाही. साठलेली प्रथिनं बिघडलेल्या जनुकांतून आलेली नाहीत, ती सर्वसाधारण जनुकांतलीच आहेत. आणि रासायनिक दृष्टीने हा ‘साआ’चाच अॅमिलॉइडोसिस आहे. १९९९ चा दुवा पुसला गेला असं नाही, पण एवढ्यावर चाचणी उभी राहणार नाही, हे स्पष्ट झालं. सयामी यकृताबाबतही वेगळं काही निघेल, असं मानायला आज आधार नाही.

इथे थोडं थांबून ही शोधाशोध इतकी अवघड का होते ते पाहू. या संशोधनात सर्वांत दुर्मीळ वस्तू आजारी मांजर नव्हे. सर्वांत दुर्मीळ वस्तू खात्रीने निरोगी मांजर आहे. पाच वर्षांच्या सयामी बोक्याला ‘निरोगी’ म्हणून तुलनेला घेतलं आणि सातव्या वर्षी त्याचं यकृत फुटलं, तर सगळी आकडेमोड कोसळते. जिवंतपणी निदान करायचं तर यकृताचा तुकडा काढावा लागतो, आणि ज्या यकृतातून रक्त वाहतं त्यातून तुकडा काढणं म्हणजे मांजराचा जीव धोक्यात घालणं. रक्ततपासणीत यकृताची विकरं वाढलेली दिसतात, सोनोग्राफीत यकृताचा पोत बिघडलेला दिसतो, पण यातलं काहीही या एकाच आजाराचं नसतं. म्हणून खरा निरोगी नमुना म्हणजे बारा-चौदा वर्षांचं होऊन दुसऱ्याच कारणाने मेलेलं आणि नंतर यकृत तपासून स्वच्छ निघालेलं सयामी मांजर. अशी किती मांजरं पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचतात? म्हातारं मांजर गेलं की माणसं त्याला बागेत पुरतात.

दुसऱ्या प्राण्यांनी संशोधकांना वाट दाखवली, आणि काही वेळा चकवलंही. चीनच्या शार-पे कुत्र्यांना अधूनमधून ताप येतो आणि पुढे अॅमिलॉइड साठतं. त्या जातीला हव्याशा वाटणाऱ्या कातडीच्या जाड वळ्या ज्या जनुकीय द्विरुक्तीमुळे येतात, तिचाच या तापाशी संबंध असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे प्रदर्शनात बक्षीस ज्या गोष्टीला, आजारही तिच्याच पोटात. माणसातला भूमध्य सागराकाठचा आनुवंशिक ताप १९९७ मध्ये एका जनुकावर येऊन थांबला, आणि कोल्चिसिनच्या गोळीने त्यातलं अॅमिलॉइड बऱ्याच अंशी रोखता येतं. मांजरांनाही कोल्चिसिन देऊन पाहतात, पण यकृतात साठलेलं त्याने वितळतं असं सिद्ध झालेलं नाही. प्राणिसंग्रहालयातल्या चित्त्यांमध्ये १९९० च्या दशकात मेलेल्या दहांपैकी सातांच्या आसपास चित्त्यांत अॅमिलॉइड मिळायला लागलं. मोकळ्या रानातल्या चित्त्यांत ते क्वचितच आढळतं. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी तर आजारी चित्त्याच्या विष्ठेतले तंतू उंदरांत आजार चेतवू शकतात असं दाखवलं.

या सगळ्यावर कडी केली इटलीने. तिथल्या तीन मांजरगृहांत, म्हणजे भटक्या मांजरांना ठेवतात अशा ठिकाणी, मेलेली मांजरं तपासली तर ५७ ते ७३ टक्क्यांत अॅमिलॉइड निघालं. ही वंशावळवाली मांजरं नव्हेत, रस्त्यावरची मिश्र रक्ताची. २०२२ मध्ये त्यातल्याच एका मांजराच्या तंतूंची अणूअणूची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मांडली गेली. मांजराच्या ‘साआ’मध्ये माणसाच्या ‘साआ’पेक्षा आठ अमिनो आम्लांचा एक जास्तीचा तुकडा असतो, तोही तंतूत सामावलेला दिसला. पित्तातही ‘साआ’चे तुकडे सापडले. पित्त आतड्यात उतरतं, आतड्यातून बाहेर जातं, आणि गर्दीच्या जागी शी करायच्या पेट्या सगळ्यांच्या सामाईक असतात. त्यामुळे हा आजार काही परिस्थितींत एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातो.

माझ्या मते इथे सयामी मांजरांच्या कथेला कलाटणी मिळते. तंतू कोणत्याही मांजरात साठू शकतात. गर्दी, ताण, जुनाट सूज यांची जोड मिळाली की रस्त्यावरच्या मांजरातही. सयामी आणि ओरिएंटल घराण्यांत मात्र उंबरठाच इतका खाली आहे, की दर्शनी सूज नसतानाही तो ओलांडला जातो. तो उंबरठा अनेक लहान जनुकांनी मिळून खाली आणला असेल. असा आजार एका चाचणीने धरता येत नाही. हजारो मांजरांची आयुष्यं नोंदवून थोडा थोडा धरता येतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं, कारण नोंदवायचं कोणी? ज्या ब्रीडरच्या कॅटरीतला बोका यकृत फुटून गेला, त्याने ते जाहीर केलं तर पिल्लांची मागणी बसते, आणि त्या बोक्याची पिल्लं घेतलेले दहा जण तोंड फिरवतात. गप्प बसलं तर कोणाला कळत नाही. युरोपातल्या काही ब्रीडर मंडळींनी आपली मेलेली मांजरं तपासायला दिली, नमुने पाठवले, पूर्वजांची नावं सांगितली. वरच्या निबंधांमागे ही माणसं आहेत. त्यांचा उल्लेख आभाराच्या ओळीत होतो आणि बहुतेक वाचक ती ओळ वाचत नाहीत.

*

एका जनुकाचा आजार हाती लागला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे.

नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट ही नॉर्वेतली लांब केसांची, दणकट जात. १९७० च्या दशकात मोजक्या मांजरांपासून तिची नोंदणीकृत पैदास सुरू झाली. तिच्यात काही पिल्लं जन्मताच किंवा जन्मल्याबरोबर मरत. काही जगत, चांगली वाढत, आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास थरथरायला लागत, पाय लटपटत, ताप येई, स्नायू वाळत जात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन फाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यामागचं विकर ओळखलं. यकृत आणि स्नायू साखर साठवतात ती ग्लायकोजेन म्हणून, आणि त्या साखळीला जागोजागी फांद्या फुटाव्या लागतात. फांद्या फोडणारं विकरच नसेल तर लांब, न विरघळणाऱ्या साखळ्या यकृतात, स्नायूंत, मज्जातंतूंत साठतात. जन्माच्या वेळी पिल्लाला लागणारी साखर मोकळी होत नाही आणि ते तिथेच संपतं. माणसाच्या मुलांत हाच बिघाड असतो तेव्हा पुष्कळदा यकृताचा सिरोसिस होतो. डॉ. डोरोथी अँडरसन यांनी तो १९५६ मध्ये प्रथम वर्णिला.

२००७ मध्ये फाइफ यांच्या गटाने मांजरातला नेमका बिघाड मांडला. त्या जनुकाचा सहा हजारांवर अक्षरांचा तुकडा गळून गेला होता आणि त्या जागी दुसराच तुकडा चिकटला होता. घरोघरची ४०२ फॉरेस्ट मांजरं तपासली. त्यांत ५८ वाहक निघाली, चार आजारी. वाहक म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेलं, स्वतः ठणठणीत. दोन वाहकांची जोडी लागली तर दर चार पिल्लांमागे एक जाणार. चाचणी आली, ब्रीडर मंडळी जोडी लावण्याआधी ती करायला लागली, आणि असे जन्म टाळता येऊ लागले. वाहक मांजर पैदाशीतून हाकलून देण्याची गरज नसते, त्याला बिघाड नसलेला जोडीदार द्यायचा. सरसकट हाकललं तर आधीच लहान असलेली जात आणखी लहान होते आणि उद्या दुसराच आजार वर येतो. बर्मीज आणि सिंगापुरा या जातींत जनुकीय विविधता किती आटली आहे, ते २००८ च्या एका मोठ्या तुलनेत सगळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्याशी थेट संबंध आहे तो पर्शियन मांजरांचा. मुंबई-पुण्यात जातिवंत मांजर म्हणजे दहांतून नऊ वेळा पर्शियन, निदान विकणारा तसं सांगतो. या जातीत मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आहे, आणि काही मांजरांत तशाच गाठी यकृतातही होतात, यकृत तंतुमय होतं. लायन्स यांच्या गटाने २००४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिन मध्येच तुटतं. एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि दोन्ही प्रती बिघडल्या तर पिल्लू जन्मालाच येत नाही. चाचणी येण्याआधी जगभरातल्या पर्शियन मांजरांत साधारण ३८ टक्क्यांत हा बिघाड होता. ज्या देशांत चाचणी नेटाने झाली तिथे प्रमाण खाली आलं. मांजर दहा महिन्यांचं झाल्यावर चांगल्या यंत्राने केलेल्या सोनोग्राफीतही बहुतेक वेळा गाठी दिसतात. तरी मूत्रपिंडं निकामी होतात ती सरासरी सातव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे पुन्हा तेच, पिल्लं होऊन गेल्यावर.

यकृताला रक्त नेणारी शीर जन्मतःच बगल देऊन जाते, तो आणखी एक प्रकार. पिल्लू वाढत नाही, सारखी लाळ गाळतं, खाल्ल्यावर झटके येतात. इतर मांजरांत तांब्याच्या रंगाचे डोळे ही या आजाराची खूण मानतात. पर्शियन मांजरात ती निरुपयोगी, कारण त्यांचे डोळे मुळातच तांब्याच्या रंगाचे. लाळ गाळणाऱ्या पिल्लाला ‘दात येत असतील’ म्हणून सोडून देऊ नये.

ज्यांना या दिवाळीत घरात पर्शियन पिल्लू आणायचं आहे, त्यांनी रंग आणि नाकाचा चपटेपणा पाहून झाल्यावर विकणाऱ्याकडे दोन कागद मागावेत. आईबापांच्या मूत्रपिंडांच्या गाठींची डीएनए चाचणी किंवा सोनोग्राफीचा अहवाल, आणि आईबाप कोण हे सांगणारी नोंद. ‘आमची मांजरं फॉरेनची आहेत’ हे उत्तर चालवून घेऊ नये. गाठी फॉरेनहूनच आल्या आहेत. कागद नसतील तर पैसे परत खिशात ठेवावेत आणि पिल्लू दुसरीकडे पाहावं, किंवा सोसायटीच्या जिन्याखाली जन्मलेलं घरी आणावं. आणि सयामी असो, पर्शियन असो की जिन्याखालचं, तरुण मांजर एकाएकी गेलं तर पुरण्याआधी आपल्या पशुवैद्यकाला फोन करून शवविच्छेदन आणि यकृताचा नमुना घेण्याबद्दल विचारावं. त्यासाठी मांजर फ्रीजरमध्ये नव्हे, नुसत्या गारव्यात ठेवायचं असतं, आणि जितक्या लवकर नेता येईल तितकं बरं.